चार हौद आणि एक ड्रम : गांडुळांच्या अंथरणाचा खतावर आणि व्हर्मीवॉशवर झालेला परिणाम

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नागपूरजवळ, हिंगणा रस्त्यालगतच्या एका गावातील महिला बचत गटाकडून मला निरोप आला. गटाने एका रोपवाटिकेला २० लिटर व्हर्मीवॉश, म्हणजे गांडूळखताच्या हौदातून झिरपून येणारे आणि झाडांना घालायचे पाणी, विकले होते आणि त्या रोपवाटिकेत ट्रेमध्ये वाढणाऱ्या टोमॅटोच्या रोपांच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. मालकाने पैसे परत मागितले नव्हते. मात्र पुढची मागणी थांबवली होती, आणि गटाला त्याचेच अधिक लागले होते. मी पोहोचलो तेव्हा गटाच्या अध्यक्ष ताईंनी काचेच्या पेल्यात तो द्रव घेऊन उन्हात धरला आणि विचारले, "भाऊ, हे तं फिक्क्या चहावानी दिसते. मग पानं काहून जळले?"

हे प्रकरण त्या प्रश्नाचा माग काढताना जे दिसले त्याचे आहे.

गटाकडे शेडनेटखाली चार सिमेंटचे हौद आहेत. प्रत्येक हौद १० फूट लांब, ३ फूट रुंद आणि २ फूट खोल असून तळाला एका कोपऱ्याकडे उतार व तिथे पाणी बाहेर पडण्यासाठी नळी आहे. चारही हौदांत आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळे, हौदामागे साधारण ३ किलो, सोडलेली होती. खाद्यही सारखेच होते : पंधरवडाभर मुरवलेले गाईचे शेण आणि भाजीबाजारातून आणलेला ओला कचरा. शिंपडायचे पाणी एकाच बोअरवेलचे. फरक होता तो फक्त अंथरणात, म्हणजे गांडुळे ज्यात राहतात, ज्यात ओल आणि हवा टिकते आणि जे शेवटी स्वतःही खाल्ले जाते त्या सुक्या सेंद्रिय थरात. पहिल्या हौदात मळणीयंत्रातून निघालेले सोयाबीनचे कुटार होते. दुसऱ्यात कोकोपीट, म्हणजे नारळाचा काथ्या काढल्यावर उरणारी भुकटी, होते, कारण तिच्या दाबून केलेल्या विटा एका नर्सरीतून उरलेल्या स्वस्तात मिळाल्या. तिसऱ्यात लकडगंजच्या आरागिरणीवरून पोत्यांनी आणलेला सागाचा भुसा आणि रंध्याचे छिलके होते, आणि चौथ्यात रस्त्याकडेच्या झाडांची वाळलेली पाने व फाडलेला पुठ्ठा. ज्या वेळी जे फुकट किंवा स्वस्त मिळाले ते त्या वेळच्या हौदात गेले, एवढाच यामागचा विचार. मुद्दाम मांडावा लागला असता असा प्रयोग काटकसरीने आपोआप मांडून ठेवला होता. तो काटेकोर नव्हता, हेही सांगितले पाहिजे : तीन हौद नोव्हेंबरच्या मध्यावर भरलेले होते, तर कुटाराचा हौद डिसेंबरच्या मध्यावर रिकामा करून नव्याने भरला होता. या महिन्याभराच्या फरकाला पुढे महत्त्व आले.

चारही हौदांच्या नळ्या मात्र एकाच २०० लिटरच्या निळ्या ड्रममध्ये सोडलेल्या होत्या. जे विकले गेले ते या ड्रममधले पाणी. कोणत्या हौदातून काय येते, हे पाहण्याची सोयच नव्हती आणि तशी गरजही कोणाला वाटली नव्हती, कारण "गांडूळपाणी म्हणजे गांडूळपाणी" असा सार्वत्रिक समज आहे.

म्हणून पहिले काम नळ्या वेगळ्या करण्याचे झाले. प्रत्येक नळीखाली बादली ठेवली आणि तीन दिवस प्रत्येक हौदावर रोज सकाळी १० लिटर पाणी झारीने शिंपडले. छिलक्यांच्या फटींतून पाणी सरळ खाली उतरत होते, त्यामुळे सागाच्या हौदातून रोज सुमारे ६ लिटर बाहेर आले. कुटार आणि पाने यांनी प्रत्येकी ३ लिटरच्या आसपास दिले, आणि पाणी धरून ठेवण्यात पटाईत असलेल्या कोकोपीटने जेमतेम दीड लिटर सोडले. ड्रममधील द्रव फिका का होता, याचे उत्तर इथेच मिळाले : त्यात निम्म्याच्या आसपास भाग सागाच्या हौदातून गाळून आलेल्या पाण्याचा होता.

नंतर खिशात मावणाऱ्या क्षार मोजण्याच्या मीटरने वाहकता पाहिली; पाण्यात क्षार जितके जास्त तितका हा आकडा मोठा. बोअरवेलच्या पाण्याचे मोजमाप ०.९ डेसिसीमेन्स प्रति मीटर आले. हा भाग काळ्या पाषाणाचा असल्याने भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचा जडपणा असतोच, तेव्हा हा आकडा अनपेक्षित नव्हता. सागाच्या हौदातील द्रव १.३, पानांच्या हौदातील २.२, कुटाराचा ३.९ आणि कोकोपीटचा ७.१ भरला. ड्रममधले मिश्रण ३.० होते. ताईंनी आकडे वहीत उतरवून घेतले आणि ७.१ खाली दोन रेघा मारल्या.

कोकोपीटमधले क्षार गांडुळांच्या विष्ठेतून किंवा शेणातून आले की अंथरणातूनच, हे ठरवायला सोपी वाट होती. गटाकडे कोकोपीटची एक न वापरलेली वीट शिल्लक होती. तिचा तुकडा तोडून बोअरवेलच्याच पाण्यात बादलीत भिजवला, तो फुगून मऊ झाल्यावर मुठीत दाबून पाणी काढले आणि मीटर त्यात धरले. ५.६. त्यात ना गांडूळ होते, ना शेण. काथ्या काढण्यासाठी नारळाची सोडणे, म्हणजे बाहेरची जाड साले, बहुधा किनाऱ्यालगतच्या खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात कुजत घालतात. त्यामुळे काथ्या निघाल्यावर उरणाऱ्या भुकटीत सोडियम आणि पोटॅशियमचे क्लोराइड साचलेले असते, आणि धुवून न विकलेल्या विटेत ते तसेच नागपूरपर्यंत येते. तोच चोथा दुसऱ्यांदा भिजवून पिळल्यावर मीटर २.८ वर आले, तिसऱ्यांदा १.६ वर. रोपवाटिकावाले कोकोपीट धुऊन वापरतात ते यासाठीच. पण "आपल्याला कुठे रोपं लावायची आहेत, गांडुळंच तर ठेवायची आहेत" असे म्हणून गटाने ती पायरी वगळली होती. गांडुळे त्यात जगली, हे खरे. ती हौदाच्या वरच्या भागात, शेणाच्या थराला चिकटून राहिली आणि खालच्या निव्वळ कोकोपीटमध्ये फारशी उतरली नाहीत. वरून शिंपडलेले प्रत्येक झारीभर पाणी तो थर धूत खाली उतरत होते आणि धुवण बादलीत येत होते. आपण ज्याला व्हर्मीवॉश म्हणत होतो ते या हौदापुरते बव्हंशी विटेचे धुवण होते.

कुटाराच्या हौदाची गोष्ट वेगळी निघाली. सोयाबीन द्विदल पीक असल्याने त्याच्या काडीत आणि शेंगांच्या टरफलांत गव्हांड्यापेक्षा (गव्हाच्या काडापेक्षा) किंवा तणशीपेक्षा (भाताच्या पेंढ्यापेक्षा) नत्र अधिक असते. नत्राच्या तुलनेत कर्ब कमी असल्यामुळे ते झटपट कुजते, आणि झटपट कुजणारी गोष्ट आधी तापते. या वेळी कुटार पुरते मुरवलेच गेले नव्हते. हौदाच्या मध्यात थर्मामीटर खुपसला तेव्हा ४१ अंश दाखवले, बाहेर हवेत थंडी असताना. गांडुळे भिंतीच्या कडेला दाटी करून बसली होती. मळणीत बारीक झालेले कुटार ओले झाल्यावर एकमेकांवर बसून चटईसारखे घट्ट होते, आणि तळाशी हवा न पोहोचल्याने हात घातला की चिकट, काळपट लगदा लागत होता. बादलीवर वाकले की नाकाला अमोनिया झोंबत होता. लिटमसने द्रव अल्कधर्मी दाखवला. अमोनियाच्या रूपातील नत्र आणि अल्कधर्मी पाणी एकत्र आले की त्याचा काही भाग मुक्त अमोनिया होतो आणि तो कोवळ्या मुळांना चटका देतो. अंथरण वाईट नव्हते, ते कच्चे होते. तीन आठवड्यांच्या हौदातून निघणारे पाणी पक्व खताचा अर्क नसून कुजण्याच्या मधल्या टप्प्याचा पाझर असतो, आणि दोन्हींचा रंग सारखा असल्यामुळे बाजारात दोन्ही एकाच नावाने खपतात.

सागाच्या हौदात गांडुळांनी आपले मत आधीच नोंदवले होते. सकाळी गोणपाट उचलले की ती गोणपाटाच्या आतल्या बाजूला आणि भिंतीवर चढलेली दिसत. सागाच्या गाभ्यात वाळवीला पळवून लावणारी क्विनोन वर्गातील द्रव्ये असतात, त्यासाठीच तर आपण दारे-खिडक्या सागाच्या करतो. जी गोष्ट लाकडाला टिकवते ती अंथरण म्हणून सोयीची असण्याचे कारण नाही. त्यातून लाकडाच्या भुशात कर्ब नत्राच्या काही शे पट असतो. ते कुजवणारे जिवाणू आपल्या वाढीसाठी नत्र मिळेल तिथून, म्हणजे शेणातून, ओढून घेतात, आणि तो नत्र भुसा पूर्ण कुजेपर्यंत त्यांच्याच अंगात अडकून राहतो. या हौदातून उतरणाऱ्या पाण्यात बोअरवेलच्या क्षारांपलीकडे फारसे काही नव्हते, ते यामुळे.

पानांचा हौद सर्वांत शांत. त्यात नीम, बदाम, पिंपळ अशी सरमिसळ पाने होती आणि मधे मधे खोक्यांच्या पुठ्ठ्याचे तळहाताएवढे तुकडे. गटातील एका मुलीने पुठ्ठ्याचा तुकडा उचलून दोन्ही बाजूंनी सोलला. आतल्या नागमोडी नळ्यांत मोहरीएवढे, लिंबाच्या आकाराचे पिवळसर कोष ओळीने बसलेले होते. गांडुळांना तिथे ओल, अंधार आणि हवा तिन्ही मिळत होते. एका कोषातून दोन-तीन पिल्ले निघतात हे गटाला ठाऊक होते, पण ते घालायला गांडुळे पुठ्ठा पसंत करतात हे त्यांनी प्रथमच पाहिले. या हौदातील द्रव फिका पिवळा होता, त्याला पावसानंतरच्या मातीचा वास होता, आणि दिसण्यावरून त्याला कोणी गिऱ्हाईक मिळाले नसते.

रंगाबद्दल थोडे थांबून बोलायला हवे, कारण घोटाळ्याचे मूळ तिथे आहे. व्हर्मीवॉश जितका काळा-तांबूस तितका "कडक", असे विकणारे आणि घेणारे दोघेही धरून चालतात. पक्व खतातील ह्युमिक द्रव्यांमुळे द्रवाला तपकिरी रंग येतो, हे बरोबर आहे. पण नारळाच्या चोथ्यातील टॅनिनमुळेही येतो, आणि सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले तर तळहात लाल होतो, त्याला तर गांडुळाची गरजच नाही. चार बादल्यांत सर्वांत गडद द्रव कोकोपीटचा होता. रोपवाटिकेत नेमके काय झाले ते मी तिथल्या कामगाराला विचारले. गटाने १ भाग द्रवात १० भाग पाणी असे सांगितले होते. पण मागची खेप गडद होती आणि ही फिकी, म्हणून त्याने रंग जुळेपर्यंत द्रव वाढवत नेला आणि प्रमाण १ ला २ वर आणले. मग तेच पाणी आठवड्यात तीनदा ट्रेमध्ये ओतले. रोपवाटिकेचे पाणी ०.५ चे होते. १ ला १० ने केलेले मिश्रण ०.७ च्या आसपास राहिले असते, १ ला २ ने ते १.३ झाले. हा आकडा जमिनीत टोमॅटो सहज सोसतो. पण ट्रेच्या खाचेत मूठभरही माध्यम नसते, जानेवारीतल्या कोरड्या हवेत ते दुपारपर्यंत सुकते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. पुढचे पाणी त्यावर आणखी क्षार घालते. त्यात कुटाराचा अमोनिया मिसळलेला. केवळ क्षारांवर किंवा केवळ अमोनियावर हा डाग ठेवणे मला योग्य वाटत नाही. दोन्ही अंथरणांतून आले आणि तिसऱ्या अंथरणाच्या पाण्याने ते नजरेआड झाले, असे म्हणणे अधिक नेमके होईल.

गटाची खात्री पटावी म्हणून मुगाची चाचणी घेतली. बशीत ओले फडके, त्यावर मोजून २५ मूग, आणि प्रत्येक हौदाचा द्रव एकदा निर्मळ, म्हणजे पाणी न घालता, व एकदा दहापट पाणी घालून. शिवाय एक बशी साध्या पाण्याची. नऊ बशा देवघराच्या फळीवर ओळीने मांडल्या गेल्या आणि तीन दिवस घरातल्या कोणाची त्यांना हात लावायची हिंमत झाली नाही. तिसऱ्या दिवशी पानांच्या बशीतील मुळे साध्या पाण्याच्या बरोबरीने, किंचित अधिकच लांब होती. कोकोपीटच्या निर्मळ द्रवात मूग फुटले होते, पण मूळ तांदळाएवढे होऊन थांबले आणि टोक तपकिरी पडले. कुटाराच्या निर्मळ द्रवात निम्मे मूग फुगून तसेच राहिले, वर बुळबुळीत झाले. दहापट पाणी घातल्यावर कोकोपीटच्या बशीतील मुळे सुधारली, कुटाराच्याही बऱ्यापैकी. सागाचा द्रव पाण्याइतकाच निरुपद्रवी आणि पाण्याइतकाच निरुपयोगी ठरला.

इथवर द्रवाचे झाले. खताकडे मी फेब्रुवारीअखेर परत गेलो, आणि तिथे चित्र जवळजवळ उलट होते : चारही ढिगांचा रंग सारखा, वास सारखा, आणि चाळल्यावर तर ओळखू न येण्याइतके एकसारखे. खतात अंथरणाचा फरक लपतो. तो लपवण्यात चाळणीचाही हात असतो. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार गांडूळखताचा किमान ९० टक्के भाग ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे, आणि ही कसोटी पानांच्या बाबतीत खरेच उपयोगी पडते, कारण न कुजलेल्या शिरा आणि पुठ्ठ्याचे तुकडे चाळणीवर राहतात. कोकोपीट मुळातच भुकटी आहे. गांडुळाने खाल्लेले आणि न खाल्लेले दोन्ही चाळणीतून सारख्याच सहजतेने उतरते, भुशाचेही तसेच. चाळलेले कोकोपीटचे खत मुठीत दाबून सोडले की ते स्पंजासारखे परत फुगत होते. कुटाराचे आणि पानांचे खत दाबल्यावर लाडू धरत होते व बोटाने टोकताच रव्यासारखे सुटत होते. हा फरक हाताला कळतो, डोळ्याला नाही. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत चारही नमुने दिले, तेव्हा त्याच आदेशाने ठरवलेली १ टक्का नत्राची किमान मर्यादा कुटार आणि पाने यांच्या खताने ओलांडली. कोकोपीट आणि साग खाली राहिले. सागाचे खत कुंडीतल्या मेथीला घातल्यावर मेथी पिवळी पडली, यात नवल नव्हते.

कुटाराचा हौद, ज्याच्या पाण्याने जानेवारीत मूग मारले, त्याच हौदाचे खत फेब्रुवारीअखेर चौघांत उत्तम ठरले. द्रवात दोष दिसला म्हणून अंथरण बाद करायचे, हा निष्कर्ष किती घाईचा ठरला असता ते यावरून दिसते. उष्णता उतरली, अमोनियाचे नायट्रेट झाले, गांडुळे कडेवरून मध्यात परतली. त्या दिवशी बादलीतले पाणी २.४ चे होते आणि त्याला वास नव्हता. खत दोन-अडीच महिन्यांच्या घडामोडींची बेरीज असते, द्रव त्या दिवशीच्या विरघळण्याजोग्या भागाची नोंद.

गटाने केलेले बदल साधे आहेत. ड्रम काढून टाकला आहे. प्रत्येक हौदाची वेगळी कॅन आहे आणि कॅनवर भरल्याची तारीख व मीटरचा आकडा खडूने लिहिला जातो. हौद भरल्यापासून पहिल्या ४० दिवसांचे पाणी विकायचे नाही; ते आवाराच्या कडेच्या शेवग्यांना घालायचे. कुटार एकटे न वापरता त्यात चौथा हिस्सा फाडलेला पुठ्ठा आणि वाळलेली पाने मिसळायची, म्हणजे ते बसत नाही, आणि गांडुळे सोडण्याआधी शेणासह तीन आठवडे खाली-वर करत मुरवायचे. सागाचा भुसा बंद झाला. उरलेली पोती आवारातल्या चिखलाच्या वाटेवर पसरली. संत्र्यांच्या हंगामात रसवाल्यांकडून फुकट मिळणाऱ्या सालींचाही मोह गटाला झाला होता. पण सालीतील तेल गांडुळांना सोसत नाही हे कळल्यावर त्या आता उन्हात वाळवून, वेगळ्या ढिगात कुजवून, मगच थोड्या थोड्या घातल्या जातात.

कोकोपीटवर मात्र आमचे एकमत झाले नाही. माझा सल्ला ते सोडून देण्याचा होता, नत्राच्या दृष्टीने त्यात काही नाही म्हणून. ताईंचे म्हणणे असे की मे महिन्यात पारा ४५ वर जातो, आयसेनियाला तर ३५ पलीकडे जगणे कठीण, आणि त्या दिवसांत दुपारपर्यंत ओल धरून ठेवेल असे दुसरे काय आहे? तणस आणायची तर भंडाऱ्याकडून आणावी लागेल, आणि ती वाऱ्याने उडते. त्यांचे म्हणणे मला मान्य करावे लागले, एका अटीवर : कोकोपीट तळाला नको, वरून चार बोटांच्या झाकणासारखे घालायचे, आणि पिळलेले पाणी बोअरवेलच्या पाण्याच्या आकड्याजवळ येईपर्यंत धूत राहायचे. एप्रिलच्या मध्यावर मी पुन्हा गेलो तेव्हा अंगणात प्लास्टिकच्या टबात सहा विटा भिजत होत्या. तिसऱ्या धुण्याचे पाणी १.५ वर होते. ताईंनी मीटर पुसून खिशात ठेवले आणि चौथ्यांदा टब भरायला नळी सुरू केली.